उद्यापन नसलेले व्रत

मराठी माणसाला शिस्त नाही असे म्हणणाऱ्याने चातुर्मास पाहिलेला नसतो. कांदेनवमीला भज्यांचा फडशा पाडून कांद्याला एकदा निरोप दिला, की तीच माणसे पुढे चार महिने त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. वांग्याची आठवण थेट चंपाषष्ठीच्या भरिताला येते. संकष्टीचा चंद्रोदय ९ वाजून ४२ मिनिटांनी छापलेला असेल तर एकेचाळिसाव्या मिनिटाला मोदकाकडे हात जात नाही, मग सकाळपासून पोटात साबुदाण्याखेरीज काही नसो. सोळा सोमवार धरणारी बाई पंधराव्या सोमवारी ‘अगंबाई, विसरलेच’ म्हणाल्याचे ऐकिवात नाही. याच घरात, याच माणसांपैकी एखाद्याला छातीच्या डॉक्टरांनी एक पंप लिहून दिलेला असतो. सकाळी दोनदा ओढायचा, रात्री दोनदा ओढायचा, नंतर चूळ भरायची. सगळे मिळून काम दोन मिनिटांचे. उपाशी राहायचे नाही, अनवाणी चालायचे नाही, वांगे सोडायचे नाही. एवढे सोपे असूनही ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. तेव्हा दमेकरी उपचार का सोडतो, याचे ‘निश्चय नाही हो’ हे जे उत्तर दवाखान्यात मिळते ते टिकणारे नाही. निश्चय घरात पोत्याने पडला आहे. तो पंपाच्या वाट्याला का येत नाही, एवढाच प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की उपचार सोडणारा दमेकरी बहुधा विसराळूही नसतो आणि आळशीही नसतो. तो काटेकोर हिशोबी असतो, आणि ज्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही त्याला त्याच्या हिशोबात जागा नसते.

हा हिशोब समजायचा तर दोन पंपांचे स्वभाव आधी समजून घ्यायला हवेत. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, आणि माणूस ठणठणीत दिसत असतानाही ती असू शकते. धूळ, धूर, सर्दी, उदबत्ती, फटाके असे काही निमित्त झाले, की या सुजलेल्या नळ्या आवळतात, छाती भरून येते, घरघर सुरू होते, धाप लागते. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेल्या नळ्या सैल करतो. हे औषध १९६९ साली बाजारात आले आणि लगेच सगळ्यांचे लाडके झाले, कारण ते काही मिनिटांत बोलते. दुसरा पंप सूज उतरवणारा. त्यात अल्प मात्रेत स्टिरॉइड असते. १९७२ साली बेक्लोमेथासोनपासून ही जात सुरू झाली आणि दम्याच्या उपचाराचा खरा पाया तीच आहे. पण स्वभावाने अगदी अबोल. आज ओढला तरी आज काही कळत नाही, आज चुकवला तरी आज काही कळत नाही. गुण यायला दिवस लागतात, आठवडे लागतात, आणि आला तरी तो ‘काहीच झाले नाही’ या रूपात येतो. न लागलेल्या धापेबद्दल पंपाचे आभार कोण मानणार? हवा बदलली, दही सोडले, नवी उशी आणली, यांपैकी कुणीतरी ते श्रेय घेऊन जाते. न्यूयॉर्कमधल्या दमेकऱ्यांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचे मत असे होते, की त्रास होतो तेव्हाच आपल्याला दमा असतो, एरवी नसतो. आणि असे मत असणारे लोक सूज उतरवणारे औषध कमी घेत होते. न्यूयॉर्क असो की नांदेड, तर्क एकच: त्रास नाही तर औषध कशाला?

आता व्रताकडे या. व्रत श्रद्धेवर टिकते असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण श्रद्धेच्या जोडीला व्रताची बांधणीही फार हुशारीने केलेली असते. त्याला सुरुवातीचा दिवस असतो आणि उद्यापनाचा दिवस असतो, त्यामुळे मधला काळ मोजता येतो. ते चारचौघांत सांगता येते. ‘आज माझा उपास आहे’ म्हटले, की सासूबाईसुद्धा शेंगदाण्याचा कूट काढायला उठतात. मोडले तर लगेच रुखरुख लागते आणि मोडू नये म्हणून अख्खे घर पहारा देते. पंपाच्या उपचाराला यातले काहीच नाही. सुरुवात होते ती एका घाबऱ्या रात्री, आणि शेवट कुणी सांगितलेलाच नसतो. ‘किती दिवस घ्यायचं, डॉक्टर?’ या प्रश्नाला ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते. चारचौघांत सांगणे दूरच राहिले, पंप रुमालात गुंडाळून बाथरूममध्ये जाऊन ओढायचा असतो. लहानपणी घरात ‘बाळदमा’ म्हणून जे चालले होते, ते लग्नाच्या वयात ‘थोडी अ‍ॅलर्जी’ होते आणि बायोडेटात उंची, गोत्र व पगार यांच्या शेजारी त्याला जागा मिळत नाही. सासरी पोहोचल्यावर तर पंप माहेरीच राहिलेला बरा, असे ठरते. थोडक्यात, रुग्णाच्या हाती आपण असे व्रत दिले आहे, की ज्याला उद्यापन नाही, फराळ नाही, साक्षीदार नाही, आणि मोडले तर देव महिनाभर चकार शब्द काढत नाही. विश्वामित्रांनीही तिसऱ्या आठवड्यात हे सोडून दिले असते, आणि त्यासाठी मेनकेला यावे लागले नसते.

चांगली बांधणी मिळाली तर हाच दमेकरी काय करू शकतो, हे पाहायला हैदराबादला जावे. दरवर्षी जूनमध्ये, मृग लागताना, तिथे बथिनी कुटुंबाकडून दम्यावर मासा दिला जातो. जिवंत छोटी मरळ, तिच्या तोंडात पिवळ्या औषधाचा गोळा, आणि ती तशीच वळवळत गिळायची. महाराष्ट्रातूनही माणसे जातात, रात्रभर प्रवास करतात, तासन् तास रांगेत उभी राहतात. एकदा गिळून भागत नाही. ओळीने तीन वर्षे यायचे असते आणि प्रत्येक वेळी ४५ दिवस पथ्य सांभाळायचे असते. या माशाने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. तरीही पथ्य पाळले जाते, कारण त्याला तारीख आहे, रांगेतले हजारो साक्षीदार आहेत, मोजलेले दिवस आहेत आणि सांगण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडे कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या दुधातून किंवा खिरीतून दम्याचे औषध घेणारेही असेच रात्रभर जागतात. यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण जो माणूस जिवंत मासा घशाखाली उतरवतो, त्याला दोन दाब औषधाचे ओढणे जड जाते म्हणून तो पंप सोडतो, असे म्हणायला जीभ रेटत नाही. दम्याचा स्वभाव मुळात चढउताराचा असल्यामुळे ४५ दिवसांत कधीतरी बरे वाटतेच, आणि ते माशाच्या नावावर जमा होते. पंप मात्र वर्षभर राबून अनामिक राहतो.

हा सगळा हिशोब गमतीचा असला तरी त्याची किंमत गमतीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन आजारांच्या उपचारांबद्दल अहवाल काढला. त्यानुसार श्रीमंत देशांतही नेमाने औषध घेणारे सरासरी निम्मेच, आणि गरीब देशांत त्याहून कमी. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा जागतिक रोगभाराच्या २०१९च्या पाहणीचा अंदाज आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या नोंदींवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात स्टिरॉइडच्या पंपाचा एकेक डबा वाढला तसा दम्याने मरण्याचा धोका २१ टक्क्यांनी घटत गेलेला आढळला. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या १९५ मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा नोंदी मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मरणाआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले निघाले. म्हणजे ही माणसे औषध टाळत नव्हती; भरपूर घेत होती, फक्त जे बोलते तेच घेत होती.

यावर पहिला आक्षेप असा, की लोक खरोखरच विसरतात, उगाच त्यात तत्त्वज्ञान कशाला आणायचे? विसरतात, हे मान्य. पण विसरण्यालाही निवड असते. खरोखर विसरलेला माणूस डॉक्टरांसमोर ‘विसरलो’ म्हणेल. इथे तर उत्तर येते ‘हो, अगदी नियमित’. रुग्ण औषध घेतल्याबद्दल खोटे सांगतात, ही तक्रार हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही सापडते, म्हणजे ती दवाखान्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमेकरी मुलांच्या डायऱ्यांमध्ये स्टिरॉइडच्या पंपाची हजेरी ९५ टक्के लागली होती. पंपाला बसवलेल्या यंत्रात ती ५८ टक्के निघाली. त्याआधी १९९२ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, हा दम्याचा नव्हे तर फुप्फुसे बिघडू लागलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा, काही जणांनी तीन तासांत शंभराहून अधिक वेळा पंप दाबल्याचे यंत्राने टिपले, आणि हे घडले होते तपासणीला जाण्याच्या अगदी आधी. डबा हलका दिसावा म्हणून औषध हवेत सोडून दिले होते! परीक्षेच्या आदल्या रात्री वही पूर्ण करण्याची ही विद्या जागतिक आहे. पण ज्याला पूर्ण विसर पडला तो डबा रिकामा करण्याचे कष्ट घेत नाही. ते कष्ट घेणाऱ्याला आपण काय केलेले नाही हे नेमके ठाऊक असते. त्याला फक्त डॉक्टरांचे मन मोडवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो पैशाचा. रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याला काही शे रुपयांचा पंप परवडत नाही, तिथे व्रतवैकल्यांची चर्चा चेष्टा वाटेल, आणि ते बरोबर आहे. ब्युडेसोनाइडसारखी सूज उतरवणारी औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असूनही सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर ती नेहमी हाती लागतीलच असे नाही, आणि याचा दोष रुग्णाच्या माथी मारणे हा अन्याय आहे. पण पैसा सगळे सांगत नाही. औषध घरात आणून ठेवलेले असते तिथेही ते पडून राहते. ९५ आणि ५८ मधली तफावत पैशाच्या टंचाईतून आलेली नव्हती. शिवाय गरिबाचा हिशोब श्रीमंताच्या हिशोबासारखाच असतो, फक्त अधिक कडक. हातात एकाच पंपाचे पैसे असतील तर तो काही मिनिटांत बोलणाराच घेईल, आणि त्या क्षणी त्याला चूक म्हणण्याची हिंमत छातीच्या डॉक्टरांनाही होऊ नये.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा आवडता: लोक अडाणी आहेत, त्यांना समजावून सांगा. समजावणे हवेच, कारण पंप ओढणे दिसते तितके सोपे नाही. श्वास सोडायचा, तोंडात पंप धरायचा, दाबतादाबताच सावकाश आत ओढायचे, मग दहा आकडे मोजेपर्यंत दम धरायचा. ज्याला दमच पुरत नाही त्याला दम धरायला सांगायचे! पंपाच्या वापराबद्दलच्या जगभरातल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अचूक पंप ओढणारे ३१ टक्के भरले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली दिसली नाही. शिकवणाऱ्या डॉक्टर-नर्सांची परीक्षा घेतली तर तिथेही अनेकजण नापास होतात. तेव्हा अडाणीपणाचा धडा नेमका कुठल्या बाकापासून सुरू करायचा, हे आधी ठरवावे लागेल.

अज्ञानापेक्षा अवघड असते ते अर्धवट ज्ञान. ‘पंपाची सवय लागते’ आणि ‘त्यात स्टिरॉइड असतं’ ही दोन वाक्ये महाराष्ट्रात पोलिओच्या डोसापेक्षा जास्त घरांपर्यंत पोहोचली आहेत. ‘पंप नको, गोळीच द्या, साधी’ असे सांगणाऱ्याला ठाऊक नसते, की निळ्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि साल्ब्युटामॉलची ‘साधी’ गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे तब्बल ४० दाबांएवढी. पंप थेट फुप्फुसात जातो म्हणून त्याला थोडके पुरते. गोळी सगळ्या अंगाला प्रदक्षिणा घालून तिथे पोहोचते आणि वाटेत हातही थरथरवते. स्टिरॉइडची भीती निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे: तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून तर चूळ भरायची, आणि वर्षानुवर्षे पंप घेतलेल्या मुलांची उंची सरासरी सेंटिमीटरभर कमी भरल्याचे अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासात दिसले आहे. पण याच भीतीपोटी जो ‘हमखास गुण येणाऱ्या’ पुडीकडे वळतो, त्याला त्या पुडीत काय आहे हे कुणी लिहून देत नाही. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि तेही मोजूनमापून घातलेले नसते. स्टिरॉइडपासून पळत सुटलेला माणूस अशा रीतीने धापा टाकत स्टिरॉइडच्याच दारात पोहोचतो. २०१८ साली एका औषध कंपनीने प्रियांका चोप्राला, म्हणजे स्वतः दमा असलेल्या नामवंत अभिनेत्रीला, पुढे करून पंपाची जाहिरात केली, ती उगीच नव्हे. पंपाला औषधी गुण होते, प्रतिष्ठा नव्हती.

पन्नास वर्षे रुग्णाला बदलण्याचा प्रयत्न केल्यावर वैद्यकशास्त्राने शेवटी एक शहाणपणाची माघार घेतली. २०१८ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. सौम्य दम्याच्या काही रुग्णांना रोज स्टिरॉइडचा पंप दिला. काहींना सूज उतरवणारे ब्युडेसोनाइड आणि नळ्या लगेच सैल करणारे फॉर्मोटेरॉल यांचा जोडपंप देऊन ‘त्रास होईल तेव्हाच घ्या’ असे सांगितले. गंभीर अ‍ॅटॅक टाळण्यात दुसरा गट पहिल्याच्या तोडीचा निघाला, तेही चौथाई किंवा त्याहून कमी स्टिरॉइडमध्ये. रोजच्या लक्षणांवर मात्र रोजच्या पंपाचा ताबा थोडा चांगला होता. २०१९ साली दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवण्याची शिफारस मागे घेतली. युक्ती साधी आहे: अबोल औषध बोलक्या औषधाच्या खांद्यावर बसवले. रुग्ण त्रास झाल्यावरच पंपाला हात घालतो ना, मग त्या हाताला सूजही उतरवायला लावा.

मग दमेकऱ्याचेच खरे ठरले की काय? अर्धेच. माणसाच्या स्वभावाबद्दल तो बरोबर होता, फुप्फुसांबद्दल चूक. दमा मध्यम किंवा तीव्र असेल तर रोजचा पंप सुटत नाही, आणि सौम्य असला तरी कोणता पंप कधी ओढायचा हे शेजारच्या काकूंनी ठरवायचे नसते. पण ज्या हिशोबाने तो औषध सोडतो त्याच हिशोबाने ते चालू ठेवता येईल, जर डॉक्टरांनी त्याला आकडे दिले तर. ‘औषध नियमित चाललंय ना?’ असे विचारले की ‘हो’खेरीज उत्तर नसते, ‘आठवड्यातून किती वेळा राहून जातं?’ असे विचारले तर संभाषण सुरू होते. तीन महिने दमा आटोक्यात राहिला तर मात्रा कमी करून पाहायचा विचार करता येतो, असे मार्गदर्शक सूचनांतच आहे. म्हणजे एक छोटे उद्यापन शास्त्राने ठेवले आहे. ते रुग्णाला सांगायचे मात्र राहून जाते. ते पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर तारखेसह लिहावे. पंप दात घासायच्या ब्रशाशेजारी ठेवावा, म्हणजे चूळही आपोआप भरली जाईल. आणि अबोल औषधाचा पुरावा हवाच असेल तर तो निळ्या पंपातच आहे: त्यात साधारण २०० दाब असतात, आणि वर्षाला असे तीन किंवा अधिक डबे लागत असतील तर गंभीर अ‍ॅटॅकचा धोका वाढलेला असतो. जो निळा डबा पूर्वी दीड महिन्यात संपायचा तो आता वर्ष सरले तरी अर्धा भरलेला असेल, तर ते श्रेय दह्याचेही नाही आणि उशीचेही नाही. हिशोबी माणसाला हे एकदा दाखवून द्यावे. पुढची बेरीज तो स्वतः करेल, आणि डॉक्टरांपेक्षा चोख करेल.